पाणवठ्याची तबकडी

डोंबिवली, १० नोव्हेंबर १९५३

प्रिय काळुरामशेठ,

नमस्कार. फराळाचा डबा पोचला. अनारसे तुमच्या घरी झाले यावर मी विश्वास ठेवला नसता, पण सौ. म्हणाली, सगुणाबाईंच्या हाताला जाळी पडते हे तिने ठाण्यात ऐकलं होतं. तेव्हा तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तुम्हाला श्रेय नाही.

आता मुद्द्याचं. आपलं तबकडी मंडळ सुरू होऊन तीन वर्षं झाली. पाच घरं, एक पेटी, पेटीत बारा तबकड्या. नियम तुम्हाला पाठ असतील, तरी पुन्हा लिहितो, कारण कोणीतरी ते मोडतंय. पेटी प्रत्येक घरी पंधरा दिवस. दर वेळी नवी पिन. वापरलेली पिन लाल डबीत. कोणती तबकडी किती वेळा लावली ते वहीत. मे महिन्यात कु. मंदाकिनींच्या ‘पाणवठा’वर मला किंचित खरखर जाणवली, म्हणून मी पाचवा नियम केला, की पेटी एका घरून दुसऱ्या घरी परस्पर जायची नाही, आधी माझ्याकडे यायची आणि तपासून मगच पुढे जायची.

इतकं करूनही खरखर वाढतेच आहे. अंतऱ्यात ती जिथे क्षणभर थांबून वर जाते, तिथे आता तव्यावर फोडणी टाकल्यासारखा आवाज येतो. ही तबकडी दुसरीकडे कुठेही नाही. कंपनीने साचे मोडले, मी पत्र टाकून खात्री केली आहे. जे काही आहे ते या एका तबकडीवर.

शेवटची पेटी तुमच्याकडून आली. मी आरोप करत नाही, फक्त विचारतो. तुमच्याकडे मिठागराची खारी हवा, ग्रामोफोन ओटीवर उघडा, येणारे-जाणारे बरेच. दुसऱ्या कोणी हात लावला का?

आपला,
त्र्यंबक सोमण


कोपरी, १४ नोव्हेंबर १९५३

त्र्यंबकराव,

नमस्कार. आरोप करत नाही म्हणालात म्हणून बरं वाटलं. केला असतात तर काय लिहिलं असतंत, असं वाटून गेलं.

खारी हवा माझ्या नाकात बेचाळीस वर्षं जातेय, अजून मी गंजलो नाही. ग्रामोफोन ओटीवर असतो हे खरं, आत ठेवला तर ऐकायचा कोणी? आमच्याकडे गाणं लागलं की शेजारचा भिवा जाळं विणायचं सोडून येऊन बसतो. पण हात लावायची कोणाची छाती नाही. मी स्वतः चावी देतो, स्वतः लावतो. वहीत दोनदा लिहिलंय, ते बघा.

कल्याणचे दौलतराव पिन बदलत नाहीत अशी माझी माहिती आहे. त्यांना विचारलंत का? मागच्या फेरीत पेटी त्यांच्याकडे असताना मी गेलेलो, तेव्हा लाल डबी रिकामी होती आणि त्यांची तीन गाणी ऐकून झाली होती.

एक विचारू? या मंदाकिनीबाई कोण, कुठल्या? असा आवाज एका तबकडीनंतर गेला कुठे? जिवंत असतील तर आपण मंडळातर्फे त्यांना बोलावू. मी माझ्या हाताने गजरा देईन.

पेटी पुढच्या फेरीला कधी येते ते कळवा. आई रोज विचारते.

तुमचा,
काळुराम


डोंबिवली, २९ नोव्हेंबर १९५३

श्री. काळुराम मढवी यांस,

दौलतरावांना मी विचारलं. ते पिन दोन वेळा वापरतात हे त्यांनी लगेच कबूल केलं. माणूस आळशी आहे, पण खरं बोलतो.

काल मी लाल डबी रिकामी केली. तळाशी काय सापडलं ते सांगतो. बाभळीचा काटा, टोक ब्लेडने नीट तासलेलं आणि टोकाला तबकडीची काळी भुकटी. बाभळी डोंबिवलीतही आहेत, पण काटा तासून ग्रामोफोनला लावायची बुद्धी ज्या घरी होईल असं घर आपल्या मंडळात एकच आहे. पेटी तुमच्याकडून आल्यापासून इथेच आहे आणि तरीही तबकडी दिवाळीपेक्षा आज जास्त खरखरते आहे. म्हणजे तुमच्या काट्याने केलेली जखम आता हळूहळू उघडी पडतेय.

तुम्ही विचारलंत, मंदाकिनीबाई कोण. मी हे आजवर मंडळात कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. तुम्ही काय खरवडलंत ते तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच लिहितो. मंदाकिनी हे माझ्या पत्नीचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदलून सुमती ठेवलं. तबकडी सदतीस सालची, लग्न अडतीस सालचं. आमच्या आईला घरात सुनेचं गाणं चालण्यासारखं नव्हतं, त्यामुळे ते तिथेच संपलं. सुमतीचा तो आवाज ऐकायला माझ्याजवळ एवढी एकच वस्तू आहे. ती पेटीत घातली, कारण चार जाणकारांनी तिला नावाजलेलं मला ऐकायचं होतं. माझी चूक झाली.

रविवार, १० जानेवारीला माझ्या घरी सभा आहे. तुम्हाला मंडळातून कमी करण्याचा ठराव मी मांडणार आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्याआधी लेखी सांगा.

त्र्यं. वि. सोमण


कोपरी, ५ डिसेंबर १९५३

त्र्यंबकराव,

तुम्ही ‘श्री. काळुराम मढवी यांस’ लिहिलंत तेव्हा मला आधी वाटलं, कचेरीची नोटीस आली. पत्र दोनदा वाचलं. राग आला आणि अजून गेलेला नाही, तेव्हा काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर मी माफी मागणार नाही.

काटा माझाच. लेखी पाहिजे म्हणालात, हे घ्या लेखी. आणखी एक गोष्ट मी लपवली, तीही सांगतो. वहीत मी दोनदा लिहायचो, पण ‘पाणवठा’ आमच्याकडे दर फेरीला वीस-पंचवीस वेळा लागायची. आई पुन्हा लाव म्हणायची, मिठागरावरच्या बाया पुन्हा लाव म्हणायच्या, आणि मला नाही म्हणवायचं नाही. वीस लिहिलं तर तुम्ही पेटी बंद कराल या भीतीने दोन लिहिलं. ते खोटं होतं. पण ठाण्याच्या बाजारात ग्रामोफोन दुरुस्त करणारे एक म्हातारे आहेत, त्यांनी मला शिकवलेलं, की पोलादी पिन तबकडीला कातते आणि काटा स्वतः झिजतो. आवाज थोडा बारीक येतो, पण तबकडी राहते. म्हणून इतक्या वेळा लावायची तर काट्यानेच, असं मी ठरवलं. तुमच्या पिना मी न वापरताच डबीत टाकायचो, हिशोब जुळावा म्हणून. तेही खोटं.

आता माझं ऐका. दौलतरावांनी पिन पुन्हा वापरली, ते आळशी. मी काटा वापरला तर ‘ज्या घरी अशी बुद्धी होईल ते घर’. मंडळातल्या बाकी तिन्ही घरी तुम्ही चहा प्यायलात, त्र्यंबकराव. माझ्याकडे तीन वर्षांत पायरीवरून पेटी घेऊन परत गेलात. मी ते कधी बोललो नव्हतो. आज बोललो.

वहिनींचं कळलं. कोणाला सांगणार नाही. माझ्याने ते वाक्य वाचून पुढचं वाचवेना.

एक प्रश्न विचारतो, त्याचं खरं उत्तर द्या. पेटी परत आली की तुम्ही तपासता म्हणजे काय करता? किती वेळा?

काळुराम


डोंबिवली, १४ डिसेंबर १९५३

श्री. मढवी,

कबुली मिळाली. सभेत वाचून दाखवण्यासाठी पत्र ठेवलं आहे, पत्नीविषयीचा मजकूर अर्थात झाकून. चहाचं तुम्ही मनाला लावून घेतलंत. मला गाडी गाठायची असते. तरी त्याबद्दल मी विचार करेन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला काहीच अडचण नाही, कारण माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. पेटी आली की ‘पाणवठा’ मी ताबडतोब दोनदा ऐकतो, एकदा लांबून आणि एकदा कान लावून. दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्त्यावर शांतता असताना, पुन्हा दोनदा. मधले दिवस रोज एकदा, कारण खरखर कधीकधी हवेमुळेही भासते आणि कोणावर उगाच आळ येऊ नये असं मला वाटतं. पेटी पुढे पाठवण्याआधी दोनदा, म्हणजे कोणत्या अवस्थेत दिली याबद्दल वाद नको. संशयाची जागा, म्हणजे अंतऱ्याची सुरुवात, मी पिन उचलून पुन्हा पुन्हा लावतो. ते मोजत नाही. दिवाळीपासून पेटी इथेच असल्याने ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर, असं रोज चालू आहे. दर वेळी कोरी पोलादी पिन. याबाबतीत माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही.

त्र्यं. वि. सोमण


कोपरी, १८ डिसेंबर १९५३

त्र्यंबकराव,

तुमचं पत्र वाचून माझा राग गेला. का गेला ते लिहीत नाही. तुम्ही स्वतःच एक काम करा.

पेटीत खाली सनईची तबकडी आहे, सकाळच्या रागाची. ती मला ‘पाणवठा’इतकीच आवडते आणि मी ती काट्याने तेवढ्याच वेळा लावली आहे, वहीत तिच्यापुढेही खोटे दोनच आकडे आहेत. ती तुम्ही कधी तपासत नाही, कारण त्यात तुमचं कोणी नाही. ती आज लावून ऐका. एकदाच ऐका.

काळुराम


डोंबिवली, ३ जानेवारी १९५४

काळुराम,

उत्तराला पंधरा दिवस लागले. त्यातले चार मी फुकट घालवले, सनई लावायचीच नाही असं ठरवून.

मग लावली. ती स्वच्छ आहे. आणली त्या दिवशी होती तशी. मी काचेचं भिंग आणून दोन्ही तबकड्या खिडकीशी धरल्या. सनईच्या रेघा काळ्याभोर आहेत आणि ‘पाणवठ्या’च्या पांढुरक्या पडल्यात, त्यातही अंतरा सुरू होतो तिथे सगळ्यात जास्त. पुसायला गेलो, पण ते पुसण्यासारखं नव्हतं. मग तुम्हाला लिहिलेल्या माझ्या पत्राचा कच्चा खर्डा काढून वाचला. मे महिन्यापासून मी काय करत होतो ते माझ्याच अक्षरात होतं. खरखर ऐकू येते का हे पाहण्यासाठी मी ती वाजवत होतो आणि वाजवल्याने ती येत होती. मी सुमतीचा आवाज तपासून तपासून संपवला. तुमच्यावर जे जे लिहिलं ते सगळं चुकीचं होतं, आणि ‘ज्या घरी’ हे शब्द तर मला आता वाचवत नाहीत. मला माफ करा. ठराव मागे घेतला आहे. सभेत कारणही सांगणार आहे.

सुमतीला सांगायचं धाडस होईना. शेवटी जेवताना सांगितलं, तुझी तबकडी गेली, माझ्याने गेली. मला वाटलं रडेल. तिने आधी मला ताक वाढलं. मग म्हणाली, “सोळा वर्षं तुम्ही त्या मुलीला ऐकताय आणि मी भिंतीच्या या बाजूला पोळ्या करतेय. सासूबाई गेल्या त्यालाही सहा वर्षं झाली. मला वाटायचं, आता तरी म्हणतील की म्हण काहीतरी. तुम्ही तेरावं झाल्यावर जाऊन पिनांचा नवा डबा आणलात.”

मला खरोखर सुचलं नव्हतं, काळुराम. आई गेली आणि मनाई उठली, हे दोन्ही एकत्र माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी तिला म्हटलं, मग आता म्हण. ती उठून खिडकीशी गेली, सुरुवात केली आणि पहिल्या कडव्यानंतर थांबली. दुसरं कडवं तिला आठवत नाही. तबकडी लावली, तर त्या जागी नुसती फोडणी. लिहून ठेवलेलं कुठे नाही, गाणं रचणारे गृहस्थ वारले. तिने भांडी घासायला घेतली. तेव्हापासून घरात पेटी कोणी उघडलेली नाही.

त्र्यंबक


कोपरी, ७ जानेवारी १९५४

त्र्यंबकराव,

माफी मिळाली असं समजा. मात्र मंडळात मी लगेच येणार नाही. सभेतले बाकीचे तिघे ठरावाला मान डोलावणार होते, हे मला दौलतरावांनी सांगितलं. त्यांची तोंडं बघायला मला थोडे दिवस लागतील.

दुसऱ्या कडव्याची काळजी करू नका. ते आमच्या आईला येतं. तीन वर्षं दर फेरीला पंचवीस वेळा ऐकून कोणाला येणार नाही? आईला येतं, भिवाच्या बायकोला, लक्ष्मीला येतं, आणि मिठागरावर मीठ ओढताना निम्म्या बाया तेच म्हणतात. चाल त्यांनी थोडी आपल्या सोयीची केलीय, पण शब्द जागच्या जागी आहेत. मी कागदावर लिहून पाठवणार होतो. आई म्हणाली, कागद नको, बाईलाच आण.

संक्रांतीचं हळदीकुंकू रविवारी, सतरा तारखेला आहे. आईने वहिनींना बोलावणं केलंय. त्या कोण हे मी आईलाही सांगितलेलं नाही, सोमणांच्या घरच्या, एवढंच. तुम्हीही या. चहा प्यावा लागेल.

काळुराम


डोंबिवली, १५ जानेवारी १९५४

प्रिय काळुराम,

सभा झाली. मी सगळं उभं राहून सांगितलं, मंदाकिनी कोण ते धरून. सुमतीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, सांगा, नाव माझं आहे. दौलतराव बराच वेळ टोपीच बघत बसले होते. पेटी मी त्यांच्या स्वाधीन केली. पाचवा नियम रद्द.

सुमती रविवारी येते आहे. मी येणार नाही. माझी फार इच्छा होती, कपडेसुद्धा काढून ठेवले होते. पण ती म्हणाली, “तुम्ही समोर बसलात की मला गाता यायचं नाही. तुम्ही ऐकणार नाही, तपासाल. सदतीस सालच्या मुलीशी ताडून बघाल.” मी म्हणालो, तसं करणार नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी कपडे परत ठेवले.

चहा माझ्यावर उधार. मी तो प्यायला एकटा येईन, त्या दिवशी नको.

कशी गायली ते मला कळवू नका. तिलाही मी विचारणार नाही असा शब्द दिला आहे. फक्त व्यवस्थित पोचली एवढं लिहा.

त्र्यंबक


कोपरी, १८ जानेवारी १९५४

त्र्यंबकराव,

वहिनी व्यवस्थित पोचल्या आणि व्यवस्थित परत निघाल्या. कशा गायल्या ते तुम्ही नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण गाण्याआधीचं लिहायला हरकत नसावी.

वाण देऊन झालं, बाया बसल्या. आईने आपलं सहज, पाटावर तीळ निवडता निवडता, दुसरं कडवं सुरू केलं. वहिनींनी मान वर केली आणि ओठांनी बरोबर चालू लागल्या. अंतऱ्याच्या जागी त्या सरळ वर गेल्या, तर आईने हात धरला. म्हणाली, “तसं नाय, बाय. हितं दम घ्यायचा. त्या मंदाकिनीनं हितं दम घेतलेला, मंग वर गेलेली.” वहिनी म्हणाल्या, “घेतलेला का? मी विसरले होते.” आई म्हणाली, “तू कशी इसरशील, तू काय ती हायस?”

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी सांगितलं. आईने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. त्यानंतर जे झालं ते तुमच्या शब्दाप्रमाणे माझ्याजवळ राहील.

निघताना मी विचारलं, वहिनी, त्यांनी विचारलं तर काय सांगू? म्हणाल्या, “विचारणार नाही म्हणालेत. बघू किती दिवस जमतं.” स्पष्ट सांगतो, चार दिवसांच्या वर जाणार नाही असा माझा अंदाज आहे.

तुमचा,
काळुराम


डोंबिवली, २७ जानेवारी १९५४

प्रिय काळुराम,

आज दहावा दिवस. मी विचारलेलं नाही.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. ऑफिसातून येताना जिन्यावर पाय हळू टाकायचो, दाराशी उभा राहायचो, आत काही ऐकू येतं का बघायचो. चौथ्या दिवशी माझं मलाच कळलं की हीसुद्धा तपासणीच आहे. तेव्हापासून मी फाटकातच खोकतो, म्हणजे आलो हे तिला कळावं.

काल सुट्टी होती. दुपारी मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. ती आत वाल सोलत होती. पहिली ओळ आली. मला वाटलं भास. मग दुसरी आली. आवाज तबकडीतला नाही. तो खाली उतरलाय, थोडा रुंद झालाय, आणि मधे एकदा कापला. मी उठलो नाही. खुर्ची वाजू नये म्हणून पायसुद्धा हलवला नाही. कडवं संपलं, अंतऱ्याची जागा आली, तिथे तिने दम घेतला.

ती वर गेली की नाही, बरोबर गेली की चुकली, हे मला सांगता येणार नाही. मी तेव्हा रडत होतो, मला नीट ऐकू आलं नाही.

तुमचा,
त्र्यंबक